वीज भिंती खात नाहीत

दक्षिण मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीत पुनर्विकासाची बैठक असली की हल्ली एक नवा मुद्दा ऐकू येतो. पूर्वी विकासकाचा माणूस लिफ्ट, पार्किंग आणि वाढीव कार्पेट एरिया एवढ्यावरच बोलायचा. आता त्याच्या सादरीकरणात हिरव्या पानाचे चित्र असलेली एक चौकटही असते. जुनी इमारत वीज खाते, तिच्यात उकडते, एसीशिवाय तिथे राहणे अशक्य. नवा टॉवर मात्र ‘ग्रीन’ असेल आणि त्याला तसे प्रमाणपत्रही मिळेल. म्हणजे जुनी वास्तू पाडणे हा आता नुसता फायद्याचा व्यवहार राहिलेला नाही, ते पर्यावरणाचे कर्तव्य ठरू लागले आहे. बैठकीतले वयस्कर भाडेकरू मान डोलावतात, कारण उकाडा त्यांनी खरोखरच सोसलेला असतो.

हा युक्तिवाद चुकीचा आहे. उकाडा खरा, वाढलेले बिलही खरे. पण त्याचा आळ ज्या इमारतीवर घातला जातो तिचा त्यात दोष फार थोडा आहे. राजाबाई टॉवर आणि त्याखालचे विद्यापीठाचे ग्रंथालय १८७८ साली पूर्ण झाले. मुंबईला वीज पुरवणारी कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, स्थापन झाली १९०५ साली. मधल्या काळात त्या ग्रंथालयात लोक वैशाखातही वाचत बसत होते. त्या पिढीच्या इमारती विजेशिवाय चालाव्यात म्हणूनच रचलेल्या होत्या. त्यांना वीजखाऊ केले ते पुढच्या फेरफारांनी, आणि त्यातले बहुतेक फेरफार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले आहेत. तेव्हा अशा इमारतीची वीज वाचवायची तर हे फेरफार काढावे लागतात, आणि ते काढणे म्हणजेच वारसा जपणे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात असे जो म्हणतो त्याने आधी एक खिडकी पाहावी.

फोर्टमधल्या दगडी इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आढळते तशी एखादी खिडकी. उंची आठ-नऊ फूट, सागवानी चौकट, भिंतीच्या जाडीत फूटभर आत बसवलेली, म्हणजे वरचे ऊन थेट तावदानावर पडत नाही. खाली भरीव फळ्या. मधे झिलमिलीच्या दोन झडपा. त्यांच्या पट्ट्या एका उभ्या दांडीने वरखाली होतात, त्यामुळे ऊन आणि पावसाचे शिंतोडे बाहेर राहतात आणि वारा आत येतो. सगळ्यात वर कमानीतले झुलते तावदान, दोरी ओढली की उघडणारे. छत पंधरा फुटांवर. गरम झालेली हवा वर चढते, त्या कमानीतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून वारा येतो. एवढ्या यंत्रणेत बिघडण्यासारखे काय? फार तर ती दोरी.

आता तीच खिडकी आज कशी असते ते पाहू. कमानीतली काच काढून तिथे प्लायवूड ठोकलेले असते आणि प्लायवूडला भोक पाडून एसीची नळी बाहेर काढलेली असते. झिलमिलीवर ऑइलपेंटचे इतके थर बसलेले असतात की पट्ट्या हलत नाहीत. नऊ फुटांवर जिप्समचे फॉल्स सीलिंग येते. त्यामुळे खिडकीचा वरचा भाग सीलिंगच्या वरच्या अंधारात जातो आणि खालच्या माणसांना भरदिवसा ट्यूबलाइट लावावा लागतो. क्रम नेहमी हाच असतो. आधी वरची हवा कोंडली. मग उकडू लागले, म्हणून एसी आला. मग एसीचा गारवा जाऊ नये म्हणून उरलेली झडपही खिळ्याने बंद झाली. महिनाअखेरीस बिल येते तेव्हा मात्र बोट दाखवले जाते ते भिंतीकडे.

काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाने हा क्रम उलटा फिरवून दाखवला आहे. १८७० सालची ही मालाडच्या दगडातली वास्तू. मधल्या काळात तिचे उतरते लाकडी छत जाऊन तिथे सिमेंटचा सपाट स्लॅब आला होता. मुंबईच्या उन्हात असा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब काढून मूळ घाटाचे उतरते छत पुन्हा बसवले. काम वारशाचे म्हणून झाले. पण उतरत्या छताखाली हवेचा जाड थर राहतो, त्यामुळे वरचे ऊन थेट वाचणाऱ्याच्या डोक्यावर येत नाही. पाऊसही साचत नाही, म्हणून दरवर्षी डांबर ओतावे लागत नाही. ऊर्जेच्या हिशेबाने कोणी वेगळा आराखडा केला असता, तर त्याचे पहिले कलमही स्लॅब काढण्याचेच असते.

आता प्रमाणपत्रांचा मुद्दा. ‘ग्रीन’ इमारत तीस टक्के वीज वाचवते असे म्हटले जाते तेव्हा विचारायला हवे, कोणापेक्षा? बहुतेक मानांकनांत ही तुलना कागदावरच्या एका नमुना इमारतीशी असते, आणि तो नमुनाही वातानुकूलितच असतो. शेजारच्या उघड्या खिडक्यांच्या जुन्या इमारतीशी तुलना होतच नाही. ती करायची असेल तर केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन आणले त्या वेळचा तक्ता काढून पाहावा. तो प्रत्यक्ष वापरावर, म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागले यावर बेतलेला आहे. मुंबई ज्या उष्ण-दमट पट्ट्यात येते तिथे अर्ध्याहून जास्त भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला पाच तारे हवे असतील तर वापर १०० युनिटांच्या खाली यावा लागतो. ज्या कार्यालयाचा निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित आहे त्याला पहिला तारा मिळवायलाच वापर ८५ च्या आत ठेवावा लागतो. पाच ताऱ्यांसाठी त्याला ४५ च्या खाली यावे लागते. म्हणजे काचेच्या इमारतीत पहिला नंबर देणारा आकडा खिडक्या उघडणाऱ्या इमारतीला नापास करू शकतो. हे दोन वर्ग वेगळे का ठेवले ते उघड आहे. एका वर्गातले पाच तारे दाखवून दुसऱ्या वर्गातली इमारत पाडायला निघणे ही भाडेकरूंची दिशाभूल आहे.

आणि हा झाला फक्त चालू वापराचा हिशेब. उभ्या इमारतीची वीट भाजून, दगड घडवून, साग कापून झालेला आहे. त्यांचा धूर केव्हाच हवेत गेला. ती पाडून नवी बांधायची म्हणजे तो धूर नव्याने काढायचा. एक टन क्लिंकर भाजताना, भट्टीचे इंधन बाजूला ठेवले तरी, नुसत्या चुनखडीतून अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यावर लोखंड, काच, ॲल्युमिनियम, शिवाय राडारोडा वाहून नेणारे डंपर. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्टच्या प्रिझर्व्हेशन ग्रीन लॅबने काही वर्षांपूर्वी हे मोजून पाहिले. सर्वसाधारण इमारतीपेक्षा तीस टक्के कमी ऊर्जा लागणारी नवी इमारत बांधली, तर बांधकामाचे हवामानावरचे ओझे तिच्या बचतीतून फिटायला १० ते ८० वर्षे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अमेरिकेतल्या शहरांचा आहे आणि इथला आकडा वेगळा निघेल हे मान्य. पण मुंबईतला पुनर्विकास हाच हिशेब शून्य वर्षे धरून मांडतो, आणि शून्य हे उत्तर कुठल्याच शहरात बरोबर नाही.

उलट बाजूचा एक धोकाही सांगायला हवा, कारण जुनी इमारत राखू पाहणारे सद्भावी लोकही त्यात सापडतात. ऊर्जाबचत म्हटले की डोळ्यासमोर येते ती युरोपातली पद्धत: भिंतीला फोमचे अस्तर, दुहेरी काच, प्रत्येक फट बंद. ती थंड देशातली गरज आहे, आत पेटवलेली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. शिवाय तिथेही ती जपून वापरावी लागते. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी योजनांतल्या घरांची स्थिती मांडली, तेव्हा बाहेरून अस्तर लावलेल्या ९८ टक्के घरांत मोठ्या दुरुस्त्यांची गरज निघाली; ओल आणि बुरशी ही त्यातली नेहमीची तक्रार. मुंबईचा पावसाळा त्या देशातल्या कुठल्याही हिवाळ्यापेक्षा कडक असतो. इथल्या चुन्याच्या भिंतीला फोम आणि प्लास्टिक पेंट यांच्यात कोंडले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

तसे ते आधीच झालेले आहे, फोमशिवायच. पुण्यात कसबा, शनिवार, सदाशिव पेठांत उरलेल्या वाड्यांची जोत्याजवळची भिंत पाहावी. विटा आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल थोडी वर ओढते आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडून देते. चुना श्वास घेतो असे जुने गवंडी म्हणत, ते नेमके हेच. मग कधीतरी ‘कायमचा इलाज’ म्हणून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा होतो. ओल आता बाहेर पडू शकत नाही. ती गिलाव्याच्या मागून वर चढते आणि कमरेच्या वर, जिथे चुना उघडा आहे, तिथे फुटते. क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो, विटेची पूड हाताला येते. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर आत आणते, हा वर तोटा. पाच-सात वर्षांत इंजिनिअर येतो, भिंत ठोकून पाहतो आणि इमारत धोकादायक असल्याचा शेरा मारतो. त्या शेऱ्यात सिमेंटचा उल्लेख नसतो.

वाड्याचे सगळे गणितच वेगळे होते. विश्रामबागवाडा १८०७ सालचा. दर्शनी बाजूची कोरीव सागवानी सज्जे पाहायला लोक थांबतात, पण उकाड्याचे काम करतो तो आतला चौक. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि पहाटे विशीच्या आसपास येतो. हा फरक जाड भिंतीच्या कामाचा आहे: दिवसभरातली उष्णता भिंतीत मुरते, आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्रीची गार हवा चौकात उतरून ती काढून नेते. मुंबईत असे होत नाही, हे इथेच कबूल केलेले बरे. समुद्रकाठी दिवस-रात्रीच्या तापमानात फार अंतर नसते, म्हणून तिथे भिंतीच्या जाडीपेक्षा सावली आणि वारा जास्त उपयोगी. म्हणूनच वाड्यात चौक आहे आणि गिरगावच्या चाळीत लांबच लांब गॅलरी. एकच ‘ग्रीन’ नमुना दोन्हीकडे चालवणाऱ्याला या दोन शहरांचे हवामानच कळलेले नाही.

गॅलरी किंवा खिडकीची वाट बंद करणे हा मुंबईतला दुसरा मोठा गुन्हा, आणि तो चाळीपुरता नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये, त्यांच्या समोरच्या गॉथिक इमारतींसह, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या ९४ इमारतींच्या डेको भागात खिडक्यांवर भुवईसारखी सिमेंटची आडवी पट्टी धावते. पर्यटक ती नक्षी म्हणून टिपतात. पण मे महिन्यातले वरचे ऊन आणि जुलैतला तिरका पाऊस तीच अडवते. त्या खिडक्यांच्या मूळ झडपा बिजागरीवर उघडणाऱ्या होत्या, म्हणजे उघडली की पूर्ण खिडकी मोकळी. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली की ती कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. एक झडप दुसरीच्या मागे जाते, एवढेच. हवेची निम्मी वाट कायमची बंद करायला माणूस पैसे मोजतो, आणि वर इमारतीचा चेहराही जातो.

असलेली खिडकी राखून ती सुधारता येते की नाही, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने दिले आहे. १९३१ सालच्या या इमारतीत २००९ पासून ऊर्जेचे मोठे काम झाले. तिच्या ६,५१४ खिडक्या भंगारात गेल्या नाहीत. इमारतीतच एक कारखाना थाटला, तावदाने काढून त्यांच्यामध्ये पातळ पडदा आणि वायू भरला, आणि तीच काच, त्याच चौकटी परत बसवल्या. एकूण कामातून ३८ टक्के ऊर्जा वाचेल असा अंदाज त्या वेळी मांडला होता. तिथले तंत्र इथे उचलायचे नाही. न्यूयॉर्कला ऊब हवी असते. शिकायचे आहे ते कारखान्याचे धैर्य. फोर्टमध्ये झिलमिली दुरुस्त करणारा एक सुतार एका इमारतीत दोन महिने बसवायला आपण का कचरतो?

‘पण आता पूर्वीचा उन्हाळा राहिलेला नाही’ हे म्हणणे मात्र बाजूला सारता येत नाही. रात्री उकडते, दमट हवेत पंखा पुरत नाही, ऐंशीच्या घरातल्या माणसाला झिलमिलीचे कौतुक ऐकवणे क्रूरपणाचे होईल. अशा घरात एसी लागणारच, आणि तो लावावा. प्रश्न किती खोल्यांत, किती तास आणि कोणत्या तापमानाला, हा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात २०१४ मध्ये देशभरातल्या कार्यालयांचा अभ्यास झाला. खिडकी आणि पंख्याची सवय असलेली माणसे एसीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त तापमानात समाधानी असतात असे त्यात दिसले, आणि त्यावरून ठरवलेली मानके २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आली. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आसपास. एका एसीच्या विजेत पन्नास पंखे फिरतात. छत उंच, गॅलरी उघडी आणि वरची वाट मोकळी असेल तर एक झोपण्याची खोली गार करून बाकीचे घर पंख्यावर निभते. बंद डब्यासारख्या फ्लॅटमध्ये ही निवडच उरत नाही.

दुसरा आक्षेप घरांचा: टॉवरमध्ये जास्त कुटुंबे राहतील. हा मुद्दा प्रामाणिक आहे, त्यावर प्रामाणिक चर्चा व्हावी. जास्त घरे हवीत म्हणून इमारत पाडायची असेल तर तसे म्हणावे. वीज वाचते म्हणून पाडतो, हे म्हणू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा, तो पैशाचा. मुंबईतल्या हजारो उपकरप्राप्त इमारतींचे भाडे १९४७ च्या कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठवले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती त्या गोठलेल्या रकमेवर. एवढ्या भाड्यात मालक सागवानी खिडकी दुरुस्त करील, ही अपेक्षाच करता येत नाही. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचे नाही. मग उरतो तो विकासक आणि त्याचा एफएसआय. पाडणाऱ्याला चटईक्षेत्राचे बक्षीस आणि जपणाऱ्याला गंजलेली बिजागरी, अशी ही विभागणी आहे. तिच्यामुळे खिडक्या बंद झाल्या, सिमेंट आले, स्लॅब आले. इमारत नालायक ठरली ती या कायद्यांच्या पोटी.

वारसा सांभाळणाऱ्यांकडूनही एक मागणे आहे. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची, देशातली पहिली, आणि तिने शहराचा फार मोठा भाग वाचवला. पण ‘हात लावू नका’ एवढेच उत्तर आता पुरणार नाही. रस्त्यावरून न दिसणाऱ्या छतावर सौर पॅनेल बसवायला, जुन्या पितळी बटणांमागची जीर्ण वायरिंग बदलायला, एसीची बाहेरची यंत्रे मागच्या चौकात एकत्र ठेवायला आडकाठी होऊ नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसएवढी मोलाची दुसरी इमारत मुंबईत कोणती? तिलाही २०२० मध्ये भारतीय हरित इमारत परिषदेचे सुवर्ण मानांकन मिळाले, आणि तिच्या घुमटाला त्यासाठी धक्का लागला नाही.

बदल कुठून सुरू व्हावा हे स्पष्ट आहे. म्हाडाचे दुरुस्ती मंडळ उपकरप्राप्त इमारतीला हात लावते, तेव्हा अंदाजपत्रकात चुन्याचा गिलावा, झडपांची दुरुस्ती, कमानीतली तावदाने उघडणे आणि बंद केलेल्या गॅलऱ्या मोकळ्या करणे ही कलमे स्वतंत्र असायला हवीत. ती नसतील तर गवंडी सिमेंटच लावणार. अशा दुरुस्तीला मालमत्ता करात सूट मिळावी. आणि पुनर्विकासाच्या बैठकीत हिरव्या पानाची ती चौकट समोर आली की भाडेकरूंनी लेखी तीन आकडे मागावेत: गेल्या बारा महिन्यांत या जुन्या इमारतीत दर चौरस मीटरला किती युनिट लागले, नव्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, तळघरातले पार्किंग आणि लॉबीतला एसी धरून किती लागतील, आणि ती बांधायला किती टन सिमेंट आणि लोखंड ओतले जाईल.